शिकाऊ परवान्यावर व्हॅनचा विमा कमी खर्चात कसा उतरवावा?

पूर्णाकाठ (सेलू, जि. परभणी)

सर्वांना नमस्कार. माझे वय वीस वर्षे आहे आणि मागच्याच आठवड्यात मला चारचाकीचा शिकाऊ परवाना मिळाला. घरात एक व्हॅन घ्यायचे ठरत असून, जिंतूरच्या एका गृहस्थांची सहा वर्षे वापरलेली पाच आसनी पेट्रोल ईको वडिलांनी पाहून ठेवली आहे. माझा मामेभाऊ इंग्लंडमध्ये शिकतो. त्याच्या सांगण्यानुसार तिथे वीस वर्षांच्या शिकाऊ चालकाला व्हॅनचा विमा परवडतच नाही, कारण कंपनी आधी वय विचारते आणि त्यावरून हप्ता ठरवते. हे ऐकल्यापासून आई काळजीत आहे. गाडी माझ्या नावावर घेतली तर आपल्याकडेही हप्ता वाढतो का? वडिलांच्या नावावर घेणे बरे पडेल का? त्यांच्याकडे पक्का परवाना आहे आणि त्यांची जुनी ओम्नी त्यांनी गेल्या दिवाळीत विकली. हप्ता कमी करण्याचे जे सरळ मार्ग असतील ते कृपया सांगावेत.

विमा प्रतिनिधी, नांदेड

ताई, आईंना आधी निश्चिंत करा. इंग्लंडमध्ये चालकाचे वय, अनुभव आणि राहण्याचे ठिकाण पाहून हप्ता ठरतो, ही तुमच्या मामेभावाची माहिती खरी आहे. आपल्याकडे मात्र विमा मुख्यतः गाडीकडे पाहून ठरतो. थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्यांच्या होणाऱ्या नुकसानीच्या विम्याचा दर केंद्र सरकार जाहीर करते, त्यामुळे तो सगळ्या कंपन्यांकडे सारखाच असतो. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार १००० ते १५०० सीसीच्या खासगी गाडीला वर्षाला ३,४१६ रुपये आणि वर जीएसटी पडतो. ईको याच गटात येते. मालक वीस वर्षांचा असो की साठ वर्षांचा, हा आकडा बदलत नाही.

घासाघीस करायला जागा असते ती गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या भागात. तिथे गाडीची विमा उतरवताना धरलेली किंमत, तिचे वय आणि नोंदणीचे ठिकाण पाहिले जाते, शिवाय कंपनीगणिक सवलत वेगळी असते. म्हणून किमान तीन ठिकाणचे लेखी भाव घ्या, पण तिन्हीकडे गाडीची किंमत एकच धरलेली आहे ना, हे तपासूनच तुलना करा, कारण किंमत कमी दाखवून हप्ता स्वस्त भासवण्याची पद्धत सर्रास आहे.

वडिलांच्या ओम्नीवर दावा झालेला नसेल, तर त्यांचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, अजून जिवंत आहे. जुन्या कंपनीकडून तसे पत्र घ्या. गाडी विकल्यापासून तीन वर्षांपर्यंत ते दुसऱ्या खासगी गाडीला लावता येते. पहिल्या वर्षानंतर वीस टक्के आणि पाच वर्षे दावा नसल्यास पन्नास टक्के इतकी ही सवलत नुकसानीच्या भागावर मिळते. ती माणसाची असते, गाडीची नसते. त्यामुळे गाडी वडिलांच्याच नावावर हवी आणि जिंतूरच्या गृहस्थांचा बोनस तुम्हाला मिळणार नाही.

मोंढा रोड, जालना

व्हॅन नेमकी कशासाठी घेत आहात, हे तुम्ही लिहिलेले नाही. कृपया आधी ते सांगा, कारण बाकीची सगळी उत्तरे त्यावर अवलंबून आहेत.

पूर्णाकाठ

आईच्या बचत गटात अकरा जणी आहेत. उन्हाळ्यात कुरडया, पापड्या, शेवया आणि एरवी शेंगदाण्याची चटणी असा माल परभणी, मानवत आणि जिंतूरच्या दुकानांत पोचवायचा आहे. आत्तापर्यंत ऑटोने जात होतो. कुरडयांचा निम्मा चुरा वाटेतच व्हायचा. पक्का परवाना निघाला की गाडी मीच चालवणार आहे.

किराणा दुकानदार, मानवत

हे वाचून राहवले नाही, म्हणून सविस्तर लिहितो. माझ्याकडे हीच गाडी होती, पांढऱ्या पाटीची, खासगी विम्याची. धाकटा भाऊ शिकाऊ परवान्यावर गाडी चालवत होता आणि मी शेजारी बसलो होतो. मागे साखरेची चार पोती आणि तेलाचे डबे होते. पाथरी रस्त्यावर दिवस मावळताना उसाच्या ट्रॅक्टरची दुसरी ट्रॉली दिसली नाही. तिला ना दिवा, ना रिफ्लेक्टर. बॉनेट ट्रॉलीखाली गेले. देवाच्या कृपेने आम्ही दोघेही वाचलो.

मला वाटले होते की अडचण भावाच्या परवान्याची येईल. तसे झाले नाही. पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ होता, शेजारी पक्का परवानाधारक बसलेला होता, आणि पॉलिसीच्या चालकविषयक कलमात शिकाऊ चालकाला या अटींवर मान्यता असतेच. नुकसान पाहायला आलेल्या विमा कंपनीच्या सर्व्हेअरने मागचे दार उघडले. पोते फुटून साखर सीटखाली पसरली होती. त्याने तीन फोटो काढले आणि ‘माल कुणाचा?’ एवढेच विचारले. मी अभिमानाने ‘आमच्या दुकानाचा’ म्हणालो. तीन आठवड्यांनी दावा नामंजूर झाल्याचे पत्र आले. खासगी गाडीच्या पॉलिसीत भाड्याने वापर आणि मालवाहतूक, दोन्ही वगळलेले असतात. नमुने आणि स्वतःचे सामानसुमान तेवढे चालते. माल आपलाच आहे, भाडे घेतलेले नाही, हे सांगून उपयोग झाला नाही. दुरुस्तीचे ८६,००० रुपये मी पदरचे भरले. ते कलम पॉलिसीवर पहिल्यापासून छापलेले होते आणि मी ते एकदाही वाचलेले नव्हते, याचे मला आजही वाईट वाटते.

बाजारात कितीतरी जण असाच माल नेतात, हे मला ठाऊक आहे. पण अकरा बायकांच्या कष्टाचा पैसा त्यात असेल, तर हा धोका पत्करू नका. मागच्या सीट काढून टाकण्याचा सल्लाही कुणी देईल. आरटीओच्या परवानगीशिवाय तसा बदल करणे बेकायदेशीर आहे.

विमा प्रतिनिधी, नांदेड

मानवतच्या दादांचे म्हणणे योग्य आहे आणि वापर न विचारता मी उत्तर दिले, ही माझी चूक झाली. तुमच्या कामाला मालवाहू पासिंगची, पिवळ्या पाटीची व्हॅनच हवी. जुनी कार्गो ईको मिळते का, ते पाहा. २०२२ च्या त्याच दरांनुसार साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहू चारचाकीचा थर्ड पार्टी दर वर्षाला १६,०४९ रुपये आहे, म्हणजे खासगीपेक्षा १२,६३३ रुपये जास्त. हा बोजा लहान नाही. दिवसाला सुमारे पस्तीस रुपये होतात, ते गटाच्या मालाच्या किमतीतच धरावे लागतील. वडिलांचा बोनसही इथे लागणार नाही, कारण तो खासगी गाडीवरचा आहे.

आता तुमच्या परवान्याविषयी. मालवाहू गाडीच्या पॉलिसीत शिकाऊ चालकाला मान्यता असते ती गाडीत माल नसतानाच. म्हणून शिकणे ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीवर करा. शिकाऊ परवाना मिळाल्यापासून तीस दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी देता येते आणि तुमचा परवाना सहा महिने चालतो, त्यामुळे घाई नाही. तोपर्यंत माल वडिलांनी न्यावा. हलक्या वाहनाच्या पक्क्या परवान्यावर साडेसात टनांपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे.

जुनी गाडी घेतल्यावर चौदा दिवसांच्या आत विमा कंपनीकडे नावबदलाचा अर्ज द्या. पॉलिसी आधीच्या मालकाच्याच नावावर राहिली, तर तुमच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडतो.

पूर्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. आईने हिशेब करून पाहिला. कुरडईच्या प्रत्येक किलोमागे दोन रुपये वाढवले तर हप्ता निघतो, असे ती म्हणते. जिंतूरच्या गृहस्थांना वडिलांनी आज नकार कळवला. परभणीत किंवा जवळपास कुणाकडे पिवळ्या पाटीची चांगली जुनी कार्गो व्हॅन असेल, तर कृपया इथे लिहावे.