मदत हवी आहे: ऱ्हिओच्या मायोसिसमध्ये ६ जोड्यांऐवजी साखळी दिसते, काय चुकतंय?

दांडियाबाजार:
बारावीच्या वर्गाला मायोसिसमधून (गुणसूत्रं निम्मी करणारं पेशीविभाजन) विविधता कशी येते ते स्लाइडवर दाखवायचं आहे. बडोद्यात कुंड्यांमधून सगळीकडे दिसणारा ऱ्हिओ घेतला (पानं वरून हिरवी, खालून जांभळी). सकाळी नऊच्या सुमारास कळ्या तोडून ३ भाग अल्कोहोल, १ भाग ग्लेशियल ॲसिटिक ॲसिडमध्ये २४ तास, मग ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवते. रंग १ टक्का ॲसिटोकार्मिन. २n (पेशीतली एकूण गुणसूत्रं) = १२, म्हणजे मेटाफेज १ मध्ये (गुणसूत्रं पेशीच्या मध्यावर येतात ती अवस्था) ६ जोड्या हव्यात. पण दिसतं एक लांब कडं, नाहीतर साखळी. दाब कमी पडतोय का?

कारेलीबाग:
ताई, स्लाइड उत्तम झाली आहे, झाडच तसं आहे. ऱ्हिओच्या गुणसूत्रांमध्ये तुकड्यांची अदलाबदल, म्हणजे ट्रान्सलोकेशन, होऊन बसलं आहे. प्रत्येकाचं एक टोक एका शेजाऱ्याशी जुळतं, दुसरं टोक दुसऱ्याशी. म्हणून बाराही मिळून कडं होतं. एका जागी टोकं जोडली गेली नाहीत की साखळी. मोजून बघा, दुवे बाराच भरतील.

तुमच्या विषयासाठी मात्र हे झाड उलट्या टोकाचं. ६ सुट्या जोड्या असत्या तर नुसत्या मांडणीतून (जोडीतलं कोणतं गुणसूत्र कोणत्या बाजूला, एवढ्यातून) ६४ प्रकारचे युग्मक, म्हणजे प्रजनन पेशी, झाले असते. इथे कडं नागमोडी लागून एकाआड एक गुणसूत्र एका ध्रुवाकडे गेलं तरच पराग धड होतो, म्हणजे सहा-सहाचे दोन ठरलेले संच. शेजारशेजारची दोन एकाच बाजूला गेली की काही तुकडे दुप्पट, काही गायब, आणि पराग पोकळ. उमललेल्या फुलाचा पराग ॲसिटोकार्मिनमध्ये टाका: भरलेले कण लाल, पोकळ कण फिके आणि चुरमडलेले. हे मुलांना जरूर दाखवा. विविधता कुठे अडते ते यात डोळ्यांना दिसतं.

अलकापुरी:
मुख्य प्रयोगाला कांदा घ्या. २n = १६, ८ जोड्या, मांडणीतूनच २५६ प्रकार. बियाण्याच्या कांद्याला डेंगळे (फुलांचे दांडे) आले की गोंडा आणा, एकाच गोंड्यात लहानमोठ्या सगळ्या वयाच्या कळ्या मिळतात. परागकोश पिवळा दिसला तर उशीर झाला, पराग तयार आहे. हिरवट, पारदर्शक हवा. एका कळीत ६ परागकोश असतात, बहुधा जवळपास एकाच अवस्थेतले. एक तपासा, अवस्था बरोबर असेल तर बाकीचे वापरा.

परागकोश रंगाच्या थेंबात सुईनं ठेचल्यावर टरफलं वेचून काढा, नाहीतर कव्हरस्लिप सपाट बसत नाही आणि पेशी एकावर एक राहतात. स्पिरिटच्या दिव्यावरून तीन-चार वेळा फिरवा, उकळू देऊ नका, बुडबुडे येतात. टिपकागद ठेवून अंगठ्यानं सरळ खाली दाबा. कव्हरस्लिप आडवी सरकली की पेशी गुंडाळल्या जातात.

दांडियाबाजार:
खूप आभार. कायझ्मा (जोडीतल्या गुणसूत्रांची फुली) दिसला की तिथे क्रॉसिंग ओव्हर, म्हणजे त्यांच्यात तुकड्यांची देवाणघेवाण, चालू आहे असं सांगायचं ना?

कारेलीबाग:
नाही, इथेच बहुतेक मुलं चुकतात. देवाणघेवाण पॅकिटीन या आधीच्या अवस्थेत होऊन गेलेली असते. नंतरच्या डिप्लोटीन-डायकायनेसिस अवस्थांमध्ये दिसणारी फुली ही तिची खूण. एका फुलीत चारपैकी दोनच क्रोमॅटिड (प्रत्येक गुणसूत्राचे दोन धागे) गुंततात, बाकीचे दोन त्या जागी जसेच्या तसे. मेटाफेज १ मध्ये दांडीसारखी जोडी म्हणजे किमान १ कायझ्मा, कड्यासारखी म्हणजे किमान २. आठही जोड्यांची बेरीज मुलांकडून दहा पेशींत करून घ्या, पेशीगणिक आकडा बदलतो.