1663 च्या नकाशात ऑस्ट्रेलियाचा पूर्व किनारा का नाही?

भूगोलताई, सोलापूर

नमस्कार. मी सोलापुरात आठवी-नववीला भूगोल शिकवते. शाळेच्या प्रदर्शनासाठी जुने नकाशे मोठे करून लावतोय. त्यात मेल्शिसेदेक थेव्हनो या फ्रेंच गृहस्थाचा 1663 चा ऑस्ट्रेलियाचा नकाशा आहे. पश्चिम किनारा बारकाईने काढलेला, उत्तरेचा बराचसा, दक्षिणेचा एक तुकडा, खाली टास्मानियाची थोडी कड. पूर्वेला मात्र रेघच नाही. वर्गातल्या एका मुलीचे वडील यंत्रमागावर आहेत. ती म्हणाली, "मॅडम, ही चादर मागावरनं अर्धीच उतरवल्यावानी दिसायलीय. हिकडची किनार कुठाय?"

तिला नीट उत्तर द्यायचंय. डच कप्तान विलेम यान्सझोन 'डाउफकेन' जहाजातून 1606 लाच ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य टोकाला, केप यॉर्कच्या पश्चिम बाजूला पोचला होता. डचांचं ठाणं जावा बेटावर, म्हणजे तसं जवळच. तरी पूर्व किनाऱ्यासाठी 1770 आणि इंग्रज कप्तान जेम्स कुक यांची वाट का पाहावी लागली? 'कुकने शोध लावला' एवढ्या एका वाक्यावर मला हा विषय सोडायचा नाही.

दर्यावर्दी, विजापूर रोड

ताई, मुलीचा प्रश्न फार मोलाचा आहे. मी व्यापारी जहाजांवर नेव्हिगेशनचं काम केलं, आता निवृत्त होऊन सोलापुरात परतलोय. त्या नकाशाकडे देशाचं चित्र म्हणून पाहू नका. जहाजं जिथून गेली, तेवढीच रेघ त्यात आहे.

पश्चिम किनारा सापडला तो मसाल्याच्या व्यापारामुळे. 1611 मध्ये डच कप्तान हेंड्रिक ब्रौवर आफ्रिकेच्या टोकावरून आधी दक्षिणेला उतरला, तिथले जोरदार पश्चिमी वारे धरून पूर्वेला गेला आणि मग उत्तरेला वळून जावा गाठलं. प्रवासाचे कित्येक महिने वाचले. डच ईस्ट इंडिया कंपनीने लवकरच सगळ्या जहाजांना हीच वाट ठरवून दिली. आता अडचण अशी, की उत्तरेला नेमकं कुठे वळायचं? अक्षांश सूर्यावरून मिळतो. रेखांशासाठी मूळ बंदराची वेळ सांगणारं अचूक घड्याळ लागतं आणि ते तेव्हा नव्हतं.

हे मुलांना मैदानात दाखवता येईल. काठी रोवा आणि सावली सगळ्यात आखूड केव्हा होते ते मनगटी घड्याळात बघा. आपली प्रमाणवेळ 82.5 अंश रेखांशाची, सोलापूर 75.9 वर. फरक 6.6 अंश, अंशाला 4 मिनिटं, म्हणजे आपला खरा मध्यान्ह सरासरी 12 वाजून 26 मिनिटांनी (महिन्यागणिक थोडा मागेपुढे होतो). घड्याळ आहे म्हणून हे कळलं. ते 4 मिनिटं चुकलं, तर 40 अक्षांशावर जहाजाची जागा सुमारे 85 किलोमीटरने चुकते. डच कप्तान तर वेगाच्या अंदाजावरच चालायचे. वळायला उशीर झाला की समोर ऑस्ट्रेलिया! दिर्क हार्तोग 25 ऑक्टोबर 1616 ला असाच पश्चिम किनाऱ्यावरच्या शार्क बेजवळच्या बेटावर उतरला आणि कथलाची थाळी कोरून खांबाला ठोकून आला. 1697 मध्ये व्लामिंग या डच कप्तानाने ती काढून नेली. आज ती ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. सगळेच असे सुखरूप उतरले नाहीत. 1629 मध्ये 'बटाव्हिया' नावाचं डच जहाज त्याच किनाऱ्याजवळच्या खडकांवर फुटलं.

पूर्व किनारा या वाटेवर येतच नाही. आणि वाट सोडून खर्च करावा असं कंपनीला तिथे काही मिळालं नाही, ना जायफळ, ना सोनं.

भूगोलताई, सोलापूर

सावलीचा प्रयोग नक्की करणार. पण मग डच दर्यावर्दी आबेल टास्मानचं काय? तो तर मुद्दाम शोधायलाच निघाला होता ना?

दर्यावर्दी, विजापूर रोड

हो, पण त्याची वाट बघा. 1642 मध्ये तो बटाव्हिया शहरातून (जावावरचं डच ठाणं, आजचं जकार्ता) मॉरिशसला गेला, तिथून दक्षिणेला उतरून पूर्वेला. टास्मानिया दिसला, तसाच पुढे न्यूझीलंडला पोचला. पूर्व किनारा सबंध त्याच्या डाव्या हाताला राहिला. 1644 मध्ये त्याने उत्तर किनारा काढला, पण ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी यांच्यामधली टोरेसची सामुद्रधुनी ओलांडली नाही. त्याआधी 1627 मध्ये 'गुल्डन झेपार्ट' हे डच जहाज दक्षिण किनाऱ्याने सुमारे 1500 किलोमीटर पूर्वेला जाऊन परतलं होतं. म्हणजे तिन्ही बाजूंनी रेघ आली आणि थांबली. कुक आला तो उलट्या बाजूने, ताहिती आणि न्यूझीलंड करून. एप्रिल ते ऑगस्ट 1770 एवढ्या काळात त्याने ती कड काढली. ग्रेट बॅरियर रीफवर त्याचं जहाज अडकलं, यावरून ते पाणी केवढं अवघड आहे ते कळतं.

मला त्या नकाशाबद्दल मनापासून आदर आहे. आधीचे नकाशाकार दक्षिणेला कल्पनेतला खंड बिनधास्त भरायचे. इथे जे पाहिलं नाही ते कोरं ठेवलंय.

जुनी पानं

एक भर घालते. कोरी जागा युरोपच्या नजरेतली होती. माणसं तिथे हजारो वर्षांपासून राहत होती आणि 'डाउफकेन'च्या खलाशांशी त्यांची चकमक होऊन खलाशी मेले. शिवाय नकाशा कुकपाशी संपत नाही. बास आणि फ्लिंडर्स या इंग्रज दर्यावर्दींनी टास्मानिया बेट असल्याचं 1798-99 मध्ये सिद्ध केलं. 1802-03 मध्ये फ्लिंडर्सने खंडाला पूर्ण फेरी मारली, तेव्हा बंगारी हा तिथलाच माणूस सोबत होता. किनाऱ्यावरच्या लोकांशी भेटीगाठी जमवायचं काम तो करायचा. परतताना फ्रेंचांनी फ्लिंडर्सला मॉरिशसवर 6 वर्षांहून जास्त अडकवून ठेवलं आणि त्याचा नकाशा छापून आला 1814 ला. प्रदर्शनात बंगारीचं नाव ठळक लिहा, ताई.

भूगोलताई, सोलापूर

लिहिणारच. मुलीचे वडील मागावरचं उरलेलं रंगीत सूत देणार आहेत. प्रत्येक सफरीला एक रंग, मोठ्या नकाशावर टाचण्यांनी. हार्तोगला लाल.

दर्यावर्दी, विजापूर रोड

मग लाल सूत आफ्रिकेच्या टोकापासून सरळ जावाकडे ओढू नका. आधी 35 ते 40 अंश दक्षिणेपर्यंत खाली उतरवा, तिथून पूर्वेला न्या आणि शार्क बेपाशी टाचणी मारून मगच उत्तरेला वळवा.