बाबा वाचले आणि माझा देव गेला

त्रिमूर्तीनगरचा
गेल्या पावसाळ्यात बाबांना डेंगी झाला. प्लेटलेट 18 हजारांवर आल्या. आईनं टेकडीच्या गणपतीला नवस बोलला. बाजूच्या खाटेवर अकरावीतला एक पोरगा होता. त्याच्या आईनंही टेकडीवरूनच आणलेला लाल धागा सलाईनच्या स्टँडला बांधला होता. बाबा सहाव्या दिवशी घरी आले. पोरगा आदल्या रात्रीच गेला. सिस्टरनं स्टँड पुसून दुसऱ्या पेशंटकडे सरकवला, तेव्हा धागा तसाच होता.

आई सगळ्यांना सांगते, "बाप्पा पावला." मला ते ऐकवत नाही. यंदा महालक्ष्म्यांच्या पूजेला मी बसायचं आहे. मनात देव उरला नसताना बसावं का?

महालची सून
नवस म्हणजे देवाशी सौदा. नवसानं मुलं होतात तर नवरा कशाला, असं तुकोबांनीच विचारून ठेवलंय. तुमचा सौदा मोडला, देव कुठे मोडला? मी नवस करत नाही. पण पहाटे दिवा लावल्याशिवाय माझा दिवस उभा राहत नाही.

सेवानिवृत्त मास्तर
मडकं दिसलं की कुंभार मानावाच लागतो. एवढं विश्व आपोआप झालं? त्या मुलाचं म्हणाल तर ज्याचं त्याचं प्रारब्ध.

त्रिमूर्तीनगरचा
मास्तर, हे प्रारब्ध त्या माउलीपुढे उभं राहून सांगता येईल? मला नाही येणार. आणि कुंभार मडकं घडवतो ते आयत्या मातीतून. माती कोणी केली? देव कोणी केला हे विचारायचं नसेल, तर विश्वाशीच का थांबू नये? 1380 कोटी वर्षांपूर्वी ते दाट, तप्त होतं आणि पसरत गेलं, एवढं विज्ञान सांगतं. त्यापलीकडचं माहीत नाही म्हणायला मला लाज वाटत नाही.

इंदोऱ्याचा
भाऊ, तुम्ही एकटे काहून समजून राहिले स्वतःला? माझे आजोबा 14 ऑक्टोबर 1956 ला दीक्षाभूमीवर होते. बाबासाहेबांनी दिलेल्या 22 प्रतिज्ञांतली पहिलीच ब्रह्मा, विष्णू, महेशाला देव न मानण्याची. तीन पिढ्या झाल्या, आमच्या घरात निर्माता नाही. लग्नं झाली, मरणं झाली. आजी गेली तेव्हा त्रिशरण-पंचशील म्हटलं, वस्तीतली माणसं रात्रभर बसली. आधार माणसांचाच होता.

सेवानिवृत्त मास्तर
प्रारब्धाचा शब्द मागे घेतो. माझाही धाकटा भाऊ विशीत गेला, आणि तेव्हा हाच शब्द मला कोणी ऐकवला असता तर मी त्याला घराबाहेर काढलं असतं. पण कुंभार सोडत नाही. भाऊ गेल्यावर मी भांडलो ते देवाशीच. तो नसता तर भांडायला कोण होतं?

संस्कृतवाली
न मानणं बाहेरून आलं असं कोणी समजू नये. सांख्य आणि मीमांसा, दोन्ही आपलीच दर्शनं, निर्मात्यावाचून उभी आहेत. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं 129 वं सूक्त सृष्टी कुठून आली हे विचारतं आणि शेवटी म्हणतं, वर बसलेला जो अध्यक्ष आहे त्याला ठाऊक असेल, किंवा त्यालाही नसेल.

महालची सून
सूक्त राहू द्या. तुमच्या आईचं काय? त्या दिवसांत तिच्या हाताशी तेवढंच होतं. सोळा भाज्या, आंबील, सगळं ती एकटी रांधणार, आणि तुम्ही तत्त्व म्हणून पाटावर बसणार नाही?

त्रिमूर्तीनगरचा
ताई, भाज्या मी चिरीन, आंबीलही ढवळीन. पण हात जोडून खोटं पुटपुटणं मला आईचाच अपमान वाटतो. काल तिला सांगितलं. ती बराच वेळ गवार मोडत बसली. मग म्हणाली, "पूजेला काका बसतील. आरतीला तरी उभा राहशील न?"

मी अजून उत्तर दिलेलं नाही.