जुना कॅसेट डेक दुरुस्त करावा की नवा घ्यावा? (सांगली-मिरज)

कृष्णाकाठची
नमस्कार मंडळी. आमच्याकडे बाबांचा जपानी कॅसेट डेक आहे, साधारण १९८६-८७ सालचा, काकांनी आखातातून आणलेला. बरीच वर्षं माळ्यावर पडून होता. आता लावला तर दिवे लागतात, प्ले दाबलं की मोटारीचा आवाज येतो, पण उजवं चाक फिरत नाही आणि काही सेकंदांत डेक आपोआप थांबतो. एका कॅसेटची फीत आतच गुंतली, ती हळूहळू सोडवली.

बाजारात एका दुकानात दाखवला. "याचे पार्ट आता मिळत नाहीत, यूएसबीवालं छोटं मशीन घ्या," असं सांगितलं. पण माझा जीव कॅसेटींत अडकलाय. बाबा मिरजेला मीरासाहेब दर्ग्यात खाँसाहेब अब्दुल करीम खाँच्या स्मरणार्थ होणाऱ्या संगीत सभेला नेमानं जायचे. तिथं चिंचेखाली बसून बॅटरीवरच्या छोट्या टेपरेकॉर्डरवर केलेली रेकॉर्डिंग आहेत. आजीच्या जात्यावरच्या ओव्याही आहेत. यांतलं काहीही दुसरीकडे कुठंच मिळणार नाही. काय करू?

जुनी फीत
ताई, डेक फेकू नका. तुम्ही सांगितलेल्या लक्षणांवरून मोटार आणि कॅप्स्टन चालू दिसतायत. कॅप्स्टन म्हणजे फीत पुढे ओढणारी ती बारीक दांडी. ती फीत ओढते, पण उजवं चाक फिरत नसल्यानं गुंडाळायला कुणी नाही. म्हणून फीत आत साचून गुंतते, आणि चाक फिरत नाही हे कळल्यावर डेक स्वतःच थांबतो. दोष बहुतेक त्या चाकाच्या रबरी बेल्टचा, नाहीतर आयडलरच्या, म्हणजे मोटारीचा फेरा चाकाला देणाऱ्या छोट्या चकतीच्या, रबराचा. त्या काळातले काही बेल्ट वर्षानुवर्षं पडून राहिले की वितळून डांबरासारखे चिकट होतात.

प्लग काढून झाकण उघडा. बेल्ट वितळला असेल तर पुलीवरचा काळा चिकटा आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कानातल्या कापूसकाड्यांनी पूर्ण काढा. नेलपॉलिश रिमूव्हर चुकूनही वापरू नका, प्लास्टिक विरघळतं. नव्या बेल्टचं माप घ्यायला पुलींभोवती दोरा गुंडाळा, त्याची लांबी मोजा आणि त्याहून पाचेक टक्के कमी परिघाचा बेल्ट घ्या. कॅप्स्टनचा बेल्ट बहुधा चपटा असतो आणि चाकाचा चौकोनी. हे दोन एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

निर्णय खरा हेडवर, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागावर आहे. हेडवरून नख हलकेच फिरवा. फितीच्या कडेपाशी खाच लागली तर हेड झिजलंय, मग खर्चाचा विचार करावा लागेल. गुळगुळीत असेल तर डोळे झाकून दुरुस्ती करा. पिंच रोलरही, म्हणजे फीत कॅप्स्टनवर दाबणारं रबरी चाकही, बघून घ्या. तो कडक आणि चकचकीत झाला असेल तर फीत घसरते.

विश्रामबागकर
मला नवीन घेणं सोयीचं वाटतं. दुरुस्तीत महिने जातात, कारागीर फोन उचलत नाहीत. नव्या डेकवर निदान वॉरंटी तरी मिळते.

जुनी फीत
वॉरंटीचा मुद्दा मान्य. पण आज बनणाऱ्या बहुतेक कॅसेट यंत्रांच्या आत एकाच जातीचा साधा, हलका सांगाडा असतो. १९८०च्या दशकातल्या चांगल्या डेकचं जड फ्लायव्हील (वेग एकसारखा ठेवणारं चाक) आणि स्थिर वेग त्यात नाही. स्वस्त यूएसबी मशीनवर तर लांबवलेला सूर थरथरतो. फिल्मी गाणी ऐकायला ते चालून जाईल, पण ख्यालातला षड्ज त्यावर ऐकवणार नाही.

खरज
या शेवटच्या वाक्यासाठी लॉग-इन केलं. मी मिरजेत गाणं शिकतो. कॅसेटचा ठरलेला वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. त्यात सहा टक्के फरक पडला की सूर अर्ध्या स्वरानं सरकतो, काळी एकचं गाणं पांढरी दोनमध्ये ऐकू येतं. लयही तेवढीच चढते. किराणा घराण्याच्या संथ आलापीत हे फार खटकतं.

तुमच्या बाबांचा रेकॉर्डर बॅटरीवरचा होता ना? बॅटरी उतरत आली की रेकॉर्डर हळू चालायचा. मग तीच फीत नीट वेगाच्या डेकवर लावली की गाणं चढं वाजतं. डेकच्या वेगाचा स्क्रू त्यासाठी फिरवत बसू नका. संगणकावर घेतल्यावर ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये वेग बदला, सूर आणि लय दोन्ही एकत्र जागेवर येतात. गायकाची पट्टी माहीत असेल तर तानपुऱ्याशी ताडून बघा. हवं तर मी ऐकून सांगेन, मनापासून.

कृष्णाकाठची
सगळ्यांचे आभार. भावानं झाकण उघडलं. चौकोनी बेल्ट खरंच काळं डांबर झालाय. हेड गुळगुळीत आहे! नखाला काहीच लागलं नाही. चपटा बेल्ट शाबूत आहे, पण सैल वाटतो.

अजून एक. २०१९च्या पुरात खालच्या कपाटात पाणी शिरलं होतं, तेव्हाच्या काही कॅसेटींत वाळलेला गाळ आहे. काहींवर पांढरी भुकटी दिसते. त्याही लावून बघू का?

गावभाग
नको, नको, त्या डेकात घालूच नका. आमच्याकडं बी पुरानंतर लई कॅसेटी तशाच झाल्या होत्या. पांढरी भुकटी म्हणजे बुरशी. ती हेडला लागली की पुढच्या चांगल्या कॅसेटींवर पसरती. श्वासातनं पण जाती, मास्क लावून बाहेर मोकळ्यावर उघडा.

गाळ असलेल्यांचं कवच स्क्रूचं असलं तर उघडून फितीचं रीळ डिस्टिल्ड वॉटरमध्ये अलगद विसळायचं आणि सावलीत, वाऱ्यावर सुकवायचं. ऊन नको, हेअर ड्रायर तर अजिबात नको. सुकलं की दुसऱ्या चांगल्या कवचात घालायचं. जुन्या फालतू कॅसेटी कवचांसाठी राखून ठेवा. ओव्यांची कॅसेट त्यात असली तर पहिला हात तिच्यावर नको, आधी नको असलेल्या कॅसेटीवर शिका.

जुनी फीत
गावभाग यांनी नेमकं सांगितलं. माझ्याकडून एवढंच:

कॅसेटच्या मागच्या कडेच्या दोन बारीक पट्ट्या आजच मोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्ड दाबलं तरी पुसलं जाणार नाही. सी-१२० (१२० मिनिटांची) असेल तर फीत फार पातळ असते, उगाच पुढे-मागे पळवू नका.

तुमच्या फिती दुसऱ्या यंत्रावर भरलेल्या आहेत, त्यामुळे हेडचा कोन जुळणार नाही आणि आवाज गोणपाटाआडून आल्यासारखा दबका वाटेल. हेडशेजारी स्प्रिंगचा एक स्क्रू असतो. त्याची मूळ जागा मार्करनं खुणावून ठेवा, मग तंबोऱ्याची जवारी सर्वांत स्वच्छ ऐकू येईपर्यंत तो किंचित किंचित फिरवा. काम झालं की परत खुणेवर आणा. स्क्रूड्रायव्हर चुंबकी नको.

डेकच्या लाइन-आउटमधून संगणकाच्या लाइन-इनमध्ये घ्या आणि वेव्ह फाइल ठेवा. ९० मिनिटांची कॅसेट सीडीच्या दर्जात साधारण ९५० एमबी होते. एमपी३ नंतर नातेवाइकांना पाठवायला करा. आणि प्रत दोन ठिकाणी ठेवा, त्यातली एक सांगलीबाहेर. पूर तुम्ही बघितलाय.

विश्रामबागकर
हेड चांगलं असेल तर मीही दुरुस्तीच म्हणतो. कारागीर शोधताना टीव्हीवाल्यांपेक्षा गणपती मंडळांचे अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणाऱ्यांकडे विचारा, त्यांच्यात जुनी टेपरेकॉर्डरची कामं केलेले वयस्कर लोक सापडतात. बेल्ट बदलल्यावर वेग कसा तपासणार, हे आधी विचारा. "कानानं" म्हणाले तर ३००० हर्ट्झच्या टेस्ट टेपबद्दल (वेग तपासायला ठरलेला सूर भरलेली फीत) विचारून बघा.

कृष्णाकाठची
ठरलं, डेक दुरुस्त करतोय. दोऱ्यानं मापं घेतली आहेत. भाऊ या आठवड्यात पुण्याला जातोय, बुधवार पेठेत तापकीर गल्लीत बेल्ट बघेल. चपटा पण नवाच टाकतो. खरज, पहिली दर्ग्याची कॅसेट घेतली की फाइल तुम्हाला पाठवते. बाबांनी कव्हरवर गायकाचं नाव लिहिलंय, पट्टी नाही.

आणखी कुणाला बेल्ट हवे असतील तर परीघ मिलिमीटरमध्ये आणि चपटा की चौकोनी, एवढं इथं लिहा. एकदमच आणू.