घरच्या ग्रुपवर: दापोलीच का?

मोठे काका (ठाणे): चिऊ, कम्प्युटरला सीट मिळतेय आणि तू ॲग्रीच्या फॉर्मवर पहिलं दापोली टाकलंस? दादा, तू गप्प कसा?

आत्या: पुण्याचं ॲग्री तरी टाक गं. दापोली म्हणजे खेडला उतरायचं, मग एसटी. त्यात पाऊस.

बाबा: तिलाच विचारा. मी विचारून दमलो.

चिऊ: काका, मे महिन्यात तुमच्याकडे हापूसची पेटी आली होती, आठवतंय? आठ कापले, तीन टाकले. वरून केशरी, आत कोयीभोवती पांढरट, स्पंजासारखं. तुम्ही अढीला शिव्या घातल्यात. तो साका. फळ जास्त पिकू दिलं, काढून तापलेल्या जमिनीवर ठेवलं की वाढतो. दापोलीच्या विद्यापीठाने नीलम आणि हापूसचा संकर करून 1981 साली रत्ना काढला. त्यात साका नाही, आणि दरवर्षी धरतो.

मोठे काका: रत्ना खाल्लाय. हापूसची सर नाही.

चिऊ: म्हणूनच अजून काम बाकी आहे ना 😄

आत्या: पण पुणे का नको?

चिऊ: पुणं राहुरीच्या कृषी विद्यापीठाखाली येतं. तिकडे ऊस, डाळिंब. अकोल्याला कापूस. आपली जांभ्याची जमीन, आंबा, काजू दापोलीला. 1972 पासून ते कोकणाचंच विद्यापीठ आहे.
आणि खरं सांगू? आपली बाग. तीन वर्षं कराराने दिली होती. कल्टार, म्हणजे वाढ रोखून बहर आणायचं औषध, किती घालायचं याचा हिशेब असतो: झाडाच्या फांद्यांचा घेर मोजायचा, त्याच्या व्यासाच्या दर मीटरला 3 मिली. बुंध्याभोवती 25-30 खड्डे घेऊन पाण्यातून द्यायचं, जुलै-ऑगस्टात. आपल्याकडे घेर कोणी मोजला? डबा ओतला. दोन हंगाम बहर आला, पैसे करारवाल्याने नेले. आता विहिरीकडच्या कलमांची पालवी बघा, बोटभर फुटवे आणि पानांचा गुच्छ. ती झाडं आजोबांनी लावलीत. सावरायची कशी ते मला शिकायचंय, कोणाला विचारत बसायचं नाही.

(दहा मिनिटं कोणीच काही टाईप केलं नाही. हे आमच्या ग्रुपवर प्रथमच.)

आई: आजींचा निरोप लिहितेय: "पोर शिकतेय ती आपल्या कलमांसाठी. तुम्ही चार दिवस येता नि पेट्या घेऊन जाता."

मोठे काका: आई, टोमणा कळला.

आत्या: हॉस्टेल मिळेल ना पण? मुलींचं वेगळं?

चिऊ: आहे आत्या. चौथ्या वर्षी तर गावात राहूनच काम असतं, शेतकऱ्यांकडे.

मोठे काका: नोकरीचं काय?

बाबा: बँकेत कृषी अधिकारी घेतात. स्पर्धा परीक्षा आहेत. ते मी बघितलंय.

चिऊ: बाबा, सातबारा लागेल. त्याचे जादा गुण मिळतात.

मोठे काका: सामायिक आहे, माझंही नाव आहे त्यावर. डिजिटल सहीचा उतारा आत्ता काढून टाकतो इथे. गट नंबर पाठव.