मदत हवी आहे: तीन गावांची सुक्या कचऱ्याची शेड, पावसाळ्यातल्या साडेतीनशे गोण्या कुठे ठेवायच्या?

नमस्कार मंडळी,

रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या एका ग्रामपंचायतीची मी सदस्य आहे. शेजारच्या दोन ग्रामपंचायतींना सोबत घेऊन सुका कचरा निवडून पुढे पाठवायची जागा उभी करायची आहे. तिन्ही गावं मिळून लोकसंख्या 5200. ओल्याचा प्रश्न नाही, तो माडाच्या आळ्यात जिरतो. छळतं ते प्लास्टिक. आजवर ते वहाळाच्या कडेला पडायचं आणि पहिल्या मोठ्या पावसात सरळ खाडीत जायचं.

आधी कचरा मोजला. जेटीवरून मासळी तोलायचा काटा मागून आणला. सात दिवस तिन्ही गावांचा सुका कचरा शाळेच्या जुन्या पडवीत ओतला आणि बचत गटाच्या सहा बायकांबरोबर मीही निवडायला बसले. भरला 410 किलो. त्यातला पुठ्ठा, बाटल्या, पत्रा, काच मिळून 160 किलो माल भंगारवाला नेतो. 80 किलो चपला, चिंध्या, डायपर. उरलेले 170 किलो म्हणजे वेफर्स-सुपारीची पाकिटं, शांपूच्या पुड्या, पातळ पिशव्या. याला भंगारात कोणी हात लावत नाही.

चौथ्या दिवशी एका काकूंच्या बोटात इंजेक्शनची सुई घुसली. डाळीच्या रिकाम्या पिशवीत कोणीतरी गुंडाळून टाकली होती. लगेच दवाखान्यात नेलं, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. घातक कचरा घरातच वेगळा ठेवायचा हे 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांतही लिहिलं होतं. आमच्याकडे तो डबाच कोणाला दिला नव्हता. आता शेडच्या आधी तो डबा आणि जाड हातमोजे, हे मी ठरवून टाकलंय.

आता खरी अडचण. ही पाकिटं सिमेंटच्या भट्टीत जाळायला जातात, पण भिजलेला माल घेत नाहीत. आमच्याकडे जून ते सप्टेंबर कोरडं काही राहत नाही, म्हणजे साधारण 17 आठवड्यांचा माल साठवावा लागणार. 170 गुणिले 17, जवळजवळ 2900 किलो. एका गोणीत पाय देऊन दाबली तरी 8 किलोच पाकिटं बसतात. म्हणजे साडेतीनशेच्या वर गोण्या!

पैसा बेताचा. स्वच्छ भारत मिशन ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात 5000 पर्यंतच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी 60 रुपये. आमची तिन्ही गावं त्याच्या आतली, म्हणून आमचे होतात 3 लाख 12 हजार, आणि त्यातूनच डबे, खत खड्डे, सगळं. काही मंडळी म्हणतात, गठ्ठे बांधायचं मशीन घ्या, जागा वाचेल. पण एका गावात शेड आधी झाली, मशीन आलं आणि थ्री फेज जोडणीच नाही. ते तिथेच गंजतंय, मी डोळ्यांनी बघून आले.

जागा आहे ग्रामपंचायतीची सहा गुंठे, कातळावर, उताराची. खालच्या अंगाला वाडीची विहीर आहे, म्हणून वाडीचा विरोध आहे. तो मला चुकीचा वाटत नाही. मी तिथे राहत असते तर मीही विचारलं असतं.

शेड किती मोठी धरू? उतार अडचणीचा की सोयीचा? वाडीला काय सांगू?

प्रतिसाद

ताई, आधी मोजलंत हे फार चांगलं केलंत. मी पुण्यात वर्गीकरण केंद्रावर काम केलंय. तुमच्या गोण्या आठ थर रचल्या तर 45 थप्प्या. एका थप्पीला सहा चौरस फूट धरले तर 270. शिवाय मध्ये माणूस जाईल एवढी वाट ठेवाच, कोरड्या प्लास्टिकने पेट घेतला तर आवरत नाही. निवडायच्या ओट्यासह 600 चौरस फुटांच्या खाली जाऊ नका. मशीन पहिल्या वर्षी नको.

उतार सोडू नका. पुण्यात ज्याला आम्ही रॅम्प म्हणतो तो हाच. घंटागाडी वरच्या अंगाने येते आणि खाली उभ्या मोठ्या गाडीत माल ओतते. माणसाला उचलावं लागत नाही.

विहिरीचं म्हणाल तर वाडीला लेखी द्या की इथे ओला कचरा येणार नाही. जोतं दोन फूट उंच घ्या, पत्रा चारही बाजूंनी चांगला बाहेर काढा, वरच्या अंगाला चर खणा. पावसाचं पाणी मालाला शिवलंच नाही तर घाण पाणी होणार कुठून? आणि पीव्हीसी नावाचं प्लास्टिक बाजूला काढा, त्यातल्या क्लोरीनमुळे भट्टीवाले माल परत पाठवतात.

धागाकर्ती

दादा, मनापासून आभार. उद्याच पडवीत आठ थरांची एक थप्पी रचून बघते, किती टिकते ते कळेल. वाडीतल्या दोघांना जागेवर चर आखायला बोलावते. त्यांनी स्वतः रेषा ओढलेली बरी.

एकच राहिलं. पीव्हीसी ओळखायचं कसं? आमच्यातल्या दोघींना वाचता येत नाही. हाताला किंवा डोळ्याला कळेल अशी काही खूण असेल तर सांगा.