चांदीची वायर, परळीची वीज: हाय-फायवाले गाणं ऐकतात की मशीन?

ओहमचा_नियम (छत्रपती संभाजीनगर)

लातुरात एका हाय-फायवाल्या, म्हणजे अस्सल आवाजासाठी महागडी यंत्रं जमवणाऱ्या परिचितांकडं गाणं ऐकायला गेलो होतो. त्यांनी आधी फ्रिज बंद केला, मग कूलर, मग घरच्या पोराला मोबाईल बंद करायला लावला. खोलीत एकच खुर्ची, तिच्या पायांना फरशीवर खडूच्या खुणा. बाकीच्यांनी मागं सतरंजीवर बसायचं, म्हणजे यजमान ऐकताना कसे दिसतात ते बघायचं. किशोरीताईंचा भूप लावला. आलाप रंगायला लागला तोच ह्यांनी सुई उचलली. "तानपुरा ऐकलात? आता वायर बदलून तोच तुकडा ऐकू." तास गेला, गाडी आलापाच्या पुढं सरकलीच नाही.

त्या चांदीच्या स्पीकर वायरीबद्दल बोलू. साध्या अडीच चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरीचा तीन मीटरचा जाऊन-येऊन रोध भरतो ०.०४ ओहम. समोर स्पीकर ८ ओहमचा. ह्यात चांदी काय उजेड पाडणार? त्याहून कहर म्हणजे अॅम्प्लिफायरची पॉवर कॉर्ड चांदीची. परळीच्या औष्णिक केंद्रातून वीज निघते, अॅल्युमिनियमच्या तारांवरून, गावोगावच्या डीपीतून, आकडे टाकलेल्या लायनीवरून धक्के खात घरात येते, आणि शेवटच्या दीड मीटरमध्ये चांदी बघून शुद्ध होते?

माझं मत: ह्या मंडळींना गाणं नकोच आहे, तक्रार करायला काहीतरी हवं आहे. पटत नसेल त्यांनी खुशाल भांडावं.

तबकडीवाला (लातूर)

खुणा खडूच्या नसतात साहेब, टेपच्या असतात. खडू फडक्यानं पुसला जातो.

थट्टा करताय तर निदान कारण समजून करा. दोन स्पीकरांच्या मधोमध गायक उभा आहे हा भास दोन्हीकडचा आवाज कानाला एकाच वेळी पोचला तरच होतो. डोकं वीतभर सरकलं की जवळच्या स्पीकरचा आवाज आधी येतो आणि गायक त्याच्या कुशीत जाऊन बसतो. म्हणून खुर्ची एक. कूलरचं तर विचारूच नका. त्याच्या घरघरीखाली तानपुऱ्याची आस गाडली जाते. मी रात्री दोननंतर ऐकतो, कारण तेव्हा पिठाच्या गिरण्या बंद असतात आणि व्होल्टेज जागेवर असतं.

क्रिकेटमध्ये एका चेंडूचा रिप्ले दहा वेळा बघता, तेव्हा कुणी वेडा म्हणत नाही. वायरीचं म्हणाल तर मला फरक ऐकू येतो. तुमच्या मीटरला येत नसेल तर मीटर बदला.

ओहमचा_नियम

खुर्ची मान्य, गिरणीही मान्य. वायर नाही.

२००७ साली जेम्स रँडी या जादूगारानं जाहीर आव्हान दिलं होतं की महागडी स्पीकर वायर आणि साधी वायर यांतला फरक न बघता ओळखून दाखवा आणि दहा लाख डॉलर घेऊन जा. बोलणी झाली, अटींवरून वाद झाले, चाचणी झालीच नाही. एरवी "दिवसरात्रीइतका फरक" म्हणणारे डोळे झाकायची वेळ आली की कानाला सर्दी झाल्याचं सांगतात.

आणि वयाचं काय? सीडी १९८२ पासून २० हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज व्यवस्थित देते. पन्नाशी ओलांडलेल्या बहुतेकांना १५ हजारांच्या वरचं ऐकूच येत नाही. तरी ह्यांना ४० हजारांपर्यंत जाणारा ट्वीटर (बारीक, उंच आवाजाचा छोटा स्पीकर) हवा. गल्लीतल्या कुत्र्यासाठी घेतात का?

सप्ताह_साउंड (जिंतूर)

दादाहो, मी मंडपवाला माणूस. तुम्ही कायला एवढं भांडायलात?

आमच्याकडं अखंड हरिनाम सप्ताहाला कर्णे लागतात. शंभर व्होल्टची लाईन काढतो, करंट कमी जातो म्हणून पातळ वायर चालते. देवळापासून पार शिवारापर्यंत काकडा ऐकू जातो. चांदी सोडा, कधी कधी वायरीला चार जोड असतात.

पण एक सांगतो. "वीज घाण आहे, हम्म् असा आवाज येतो" म्हणून लोक मला बोलावतात. बऱ्याच घरी ते काम वायरीचं नसतंय, अर्थिंगचं असतंय. आपली काळी माती उन्हाळ्यात वाळून भेगाळती, ओल गेली की अर्थिंग निकामी. खड्ड्यात मीठ-कोळसा हाय का बघा, दोन बादल्या पाणी वता. लई जणाचा हम्म् तिथंच कमी झाला. फुकटचा इलाज सांगितला की मात्र माणसाचं तोंड पडतं.

वाकळ (अंबाजोगाई)

दादा, तुम्ही पाणी ओतायला सांगून आगीत तेल ओतलंत. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं, तेव्हा तिथले आमचे भाऊजी भांडी विसळलेलं पाणी झाडाला न घालता अर्थिंगच्या खड्ड्यात घालत होते. जास्वंद वाळली, अॅम्प्लिफायर सुखात.

आमच्या घरचे पण त्याच पंथातले. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी आणलेलं डिस्टिल्ड पाणी तबकड्या धुवायला जातं. किंमत विचारली की एक शून्य कमी करून सांगतात. नवा डबा आला की "जुनाच आहे, पुसलाय फक्त." एकदा दोन दिवस नव्या वायरीचं कौतुक चाललेलं. मी स्वयंपाकघरातून विचारलं, आवाज असा पोकळ का येतोय? बघितलं तर एका स्पीकरची लाल-काळी उलटी जोडलेली. ढोलकीचा धुम्म गायब होता आणि हे त्याला "मोकळेपणा" म्हणत होते.

मला वायरीपेक्षा खोलीचा राग येतो. दहा बाय बाराचा स्लॅबचा डबा, खाली शहाबादी, भिंती उघड्या. बारा फुटांच्या लांबीत ४७ हर्ट्झच्या आसपासचा आवाज घुमणारच, गणित करून बघा. माहेरच्या माळवदाच्या घरात मातीच्या जाड भिंती, वर लाकूड-माती, कोनाडे, आणि कोपऱ्यात वाकळांची थप्पी. तिथं साधा टेपरेकॉर्डर गोड वाजायचा. इथं भिंतीला एक वाकळ टांगू म्हटलं तर "शोभा जाते." हजारोंची वायर शोभते, वाकळ नाही!

तबकडीवाला

ताई, वाकळ वरच्या पट्टीतला खणखणाट खाईल, ४७ हर्ट्झला तिचा उपयोग नाही. त्याला हातभर जाडीचा कापूस लागतो.

वाकळ

कापूस मराठवाड्यात मिळत नाही का?

सप्ताह_साउंड

😂 गाठोडं पाठवून देऊ का?

तबकडीवाला

हसा. माझ्याकडचा ३००बी व्हॉल्व्ह, म्हणजे जुन्या रेडिओत असायची तशी तापणारी काचेची नळी, १९३८ साली वेस्टर्न इलेक्ट्रिकनं आणला, सिनेमागृहांच्या अॅम्प्लिफायरात बसायचा. एका व्हॉल्व्हमधून आठेक वॅट मिळतात, पण त्या आठ वॅटमध्ये गळा जिवंत असतो.

सप्ताह_साउंड

आठ वॅट लई झाले. तेवढ्यात माझा कर्णा अख्खी आळी उठवतो.

ओहमचा_नियम

विषय बदलू नका. परभणीत जमू, सगळ्यांना मधलं पडतं. पडद्यामागं दोन वायरी, अदलाबदल सप्ताह_साउंड करतील, कौल ताई लिहून घेतील. वीस वेळा. तबकडीवाले, तयार?

तबकडीवाला

तयार. खुर्ची माझी, तबकडी माझी, आणि कूलर बंद.

वाकळ

मे महिन्यात परभणीत कूलर बंद, शेजारी तुमचा तापलेला व्हॉल्व्ह? कौल लिहायला दुसरं माणूस बघा.

ओहमचा_नियम

मग दिवाळीनंतर.

सप्ताह_साउंड

दिवाळीनंतर माझी लग्नसराई. आत्ताच तारीख धरा, आणि येण्या-जाण्याचं डिझेल कोण देणार ते बी ठरवा.